मोह एप्रिलमध्ये विकायचा की श्रावणात?

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेत एक गंमत होते. गंमत म्हणायची, पण हसू येत नाही. उन्हाळा सुरू झाला म्हणून शाळा सकाळची होते. सात वाजता परिपाठ. आणि नेमकी त्याच दिवसांत मोहाची फुलं पडायला लागतात. मोह पहाटे पडतो. ऊन तापायच्या आत वेचावा लागतो, नाहीतर गुरं खातात, रानडुकरं खातात, उरलेला उन्हानं मऊ होऊन मातीला चिकटतो. म्हणजे पोरांनी सात वाजता रांगेत उभं राहायचं, आणि त्याच सात वाजता झाडाखालीही असायचं. पोरं झाडाखाली असतात.

पट 19, हजेरी 7. एकदा तर 4.

मी नोकरीला लागलो तेव्हा या गैरहजेरीपुढे शेऱ्याच्या रकान्यात "पालकांचे शिक्षणाबाबत अज्ञान" असं लिहीत होतो. डीएडला असताना आम्हाला गळतीची कारणं पाठ करायला लावली होती, त्यातलंच एक. पालकांचं अज्ञान, दारिद्र्य, स्थलांतर, बालविवाह. पाच गुणांचा प्रश्न होता. पाठ केलेलं आठवलं, लिहून टाकलं.

एका वर्षी तिसरीतली एक मुलगी सलग आठ दिवस आली नाही. मी घरी गेलो. अंगणात मोह वाळत घातला होता, चटईवर आणि जुन्या साड्यांवर. मी तिच्या आजीला म्हणालो, "आत्या, पोरीला शाळेत पाठवत जा. परीक्षा जवळ आली." आजीनं मला बसायला खाट टाकली, पाणी दिलं आणि म्हणाली, "पाठवतो न गुर्जी. पण जूनमधी वह्या-चप्पल कायच्या पैशानं घेऊ, थे सांगा. थ्या चटईवर जे हाये ना, थेच तिची शाळा होय."

मी उत्तर दिलं नाही. चहा घेतला आणि परत आलो. अज्ञान कुणाचं होतं ते मला वाटेत कळलं.

शिक्षक मित्रांनो, हा लेख त्यानंतर जे काही पाहिलं, विचारलं, थोडंफार करून पाहिलं त्याबद्दल आहे. ग्रामीण गरीब कुटुंबाला स्थानिक साधनांतून उत्पन्न कसं मिळेल, यावर आपण निबंध लिहून घेतो. "कुक्कुटपालन, शेळीपालन, पापड-लोणची, शिवणकाम." पोरंही लिहितात. मला वाटतं हा निबंध आपण उलटा लिहायला शिकवतो. आपण धरून चालतो की गावात काही नाही आणि बाहेरून काहीतरी आणून द्यायचं आहे. आमच्याकडे, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात, तशी परिस्थिती नाही. इथे आहे ते जातं कुठे आणि कोणत्या भावानं जातं, हा प्रश्न आहे.

आधी जे आहे ते मोजून बघू. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल. त्यानंतर चार, म्हणजे चारोळी. मे महिन्यात तेंदूपत्ता. जूनमध्ये मोहाची फळं पिकतात, त्यातल्या बियांना आम्ही टोळ म्हणतो, काही गावांत टोरी म्हणतात. तिचं तेल निघतं. शिवाय हिरडा, बेहडा, डिंक, मध, लाख. बांबू तर आहेच. मामा तलावातले मासे आणि शिंगाडे वेगळे. ही यादी मी पोरांकडूनच फळ्यावर लिहून घेतली, मला त्यातली निम्मी माहीत नव्हती. मी मूळचा कापसाच्या भागातला.

इतकं सगळं असूनही इथले लोक जानेवारी-फेब्रुवारीत मिरची तोडायला तेलंगणात जातात. कारण धान हे एकच पीक, तेही पावसावर. दिवाळीनंतर मळणी झाली, उधारी फिटली की घरात खायचा तांदूळ राहतो, रोख पैसा राहत नाही. मिरचीला गेलेल्या घरांतली काही पोरं सोबत जातात. हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर काही मागे राहतात, पण लहान भावंडं सांभाळायला मोठ्या बहिणीला नेतातच. मार्चमध्ये मोह पडायला लागला की यातली बरीच घरं परत येतात. म्हणजे मोह हे आमच्या गावाचं परतीचं तिकीट आहे. मोहाला भाव चांगला मिळाला तर पुढच्या वर्षी एक तरी माणूस मिरचीला कमी जाईल, असं मी मानतो. चुकत असेन, पण मानतो.

आता मोहाचा व्यवहार कसा चालतो ते सांगतो. घरातल्या बाया आणि पोरं वेचतात. ओला मोह पांढरट पिवळा, रसाळ असतो. चार-पाच दिवस कडक ऊन मिळालं की वाळून तपकिरी होतो आणि वजन खूप उतरतं. अवकाळी पाऊस आला तर काळा पडतो, मग त्याला कुणी विचारत नाही. वाळला की घरोघरी फिरणारा व्यापारी किंवा आठवडी बाजारातला दुकानदार घेतो. काही घरं रोख न घेता कांदे, बटाटे, मीठ, सुकी मासळी यांच्या बदल्यात टोपलीनं देतात. टोपलीत किती मोह आणि समोर किती कांदे, हे वजनकाट्यावर कोणी मोजत नाही.

एप्रिलमध्ये सगळ्यांचा मोह एकदम निघतो. सगळ्यांना पैसा एकदमच लागतो, कारण लग्नसराई असते, किराण्याची उधारी असते. भाव पडलेला असतो. जून-जुलैत, रोवणीच्या वेळी, गावात मोह जवळजवळ उरत नाही आणि भाव चढतो. त्यातली खरी टोचणारी गोष्ट अशी की जी बाई एप्रिलमध्ये पोतं विकते, तीच पोळ्याला, देवकार्याला किंवा घरच्या खाण्याला लागतो म्हणून पावसाळ्यात त्याच दुकानातून तोच मोह किलो-दोन किलो जादा भावानं परत घेते. मी स्वतः पाहिलं आहे.

हे मी चौथीच्या वर्गात गणित म्हणून घेतलं. नफा-तोटा शिकवायचाच होता. पुस्तकात सायकल आणि पंख्याची खरेदी-विक्री आहे, आम्ही मोह घेतला. समजा एका घरात 300 किलो सुका मोह झाला. समजा एप्रिलचा भाव किलोला 35 रुपये आणि श्रावणातला 50. सगळा एप्रिलमध्ये विकला तर 10,500 रुपये. निम्मा एप्रिलमध्ये विकला तर 5,250 आणि उरलेला 150 किलो श्रावणात विकला तर 7,500. एकूण 12,750. फरक 2,250 रुपये. पोरं खूष झाली, फळ्यावर टाळ्या.

मग मी विचारलं, घरी ठेवलेला मोह तेवढाच राहतो का? एक मुलगा म्हणाला, "नाई सर, घटते. अन् कीड लागते." बरं, 10 किलो घट धरू. श्रावणाच्या भावानं 500 रुपये गेले. चांगल्या पोत्यांना आणि आतल्या प्लॅस्टिकला 250 धरू. राहिले 1,500. मी हिशोब संपवणार इतक्यात मागच्या बाकावरची, तीच आजीची नात, आता चौथीत आलेली, म्हणाली, "सर, बियाज राहिलं. एप्रिलमधी पैसे लागतेत तं उसने घेवा लागन." बरोबर होतं. समजा बचत गटातून 3,000 रुपये घेतले, महिन्याला शेकडा 2 रुपये, चार महिने. 240 रुपये व्याज. म्हणजे हाती राहिले 1,260.

मला तो तास अजून आठवतो. कारण त्या मुलीनं जे सांगितलं त्यातच सगळा प्रश्न आहे. मोह थांबवून ठेवायला एप्रिलमध्ये दुसरा पैसा लागतो. तो ज्याच्याकडे आहे तो व्यापारी होतो, ज्याच्याकडे नाही तो वेचणारा राहतो.

यंत्र आलं आणि गंजलं

उत्पन्नवाढीच्या नावानं आमच्याकडे काहीच आलं नाही असं नाही. एका योजनेतून जवळच्या एका गावातल्या बचत गटाला द्रोण-पत्रावळीचं यंत्र मिळालं. उद्घाटन झालं, फोटो निघाले, मीही टाळ्या वाजवायला होतो. यंत्राला थ्री-फेज वीज लागत होती. गावात ती नव्हती. वीज आली तोवर साचा बिघडला होता आणि दुरुस्त करणारा माणूस नागपूरहून येणार होता. आज ते यंत्र समाजमंदिराच्या कोपऱ्यात आहे, त्याच्यावर कोंबड्या बसतात.

दुसरं एक प्रशिक्षण मोहापासून लाडू, जॅम, सरबत करायचं झालं. बायांनी तीन दिवसांत छान शिकून घेतलं. लाडू तर त्यांना आधीच येत होते, मोह भाजून तिळासोबत कुटायचा ही इथली जुनीच रीत. प्रशिक्षणानंतर जॅम तयार झाला, पण घ्यायचा कोणी? गावातल्या पोराला जॅम पोळीला लावायची सवय नाही आणि शहरातल्या दुकानाला लेबल, परवाना, मुदतीची तारीख, दर महिन्याला ठरलेला माल हवा. बायांनी उरलेल्या बाटल्या पाहुण्यांना दिल्या.

मी प्रशिक्षणाच्या विरोधात नाही. केंद्राची वनधन योजना 2018 मध्ये सुरू झाली, तिची कल्पनाही हीच आहे की गोळा करणाऱ्यांनीच एकत्र येऊन मालावर प्रक्रिया करावी. छत्तीसगडमधून वाळवलेला मोह 2021 मध्ये फ्रान्सला गेला. म्हणजे मोहाला खाण्याचा पदार्थ म्हणून बाजार आहे. पण तो मोह स्वच्छ हवा. जमिनीवरून वेचलेला, मातीचा, पालापाचोळ्याचा चालत नाही. त्यासाठी झाडाखाली जाळी बांधावी लागते. जाळी बांधली की फूल जाळीत पडतं, वेचायला वाकावं लागत नाही आणि मुख्य म्हणजे झाडाखालचा पाला जाळावा लागत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात जंगलाला ज्या आगी लागतात त्यातल्या काही याच पाला जाळण्यातून पसरतात, हे गावातली माणसंही खाजगीत कबूल करतात.

मग जाळी का नाही बांधत? मी विचारलं. उत्तर सोपं होतं. "झाड आमचं नोहोय." शेताच्या बांधावरचं झाड ज्याचं त्याचं. जंगलातल्या झाडांची वाटणी वहिवाटीनं ठरलेली असते काही गावांत, काही गावांत नसते. जिथे नसते तिथे जो आधी पोचला त्याचा मोह. तिथे कोण जाळी बांधणार? चारोळीचं तर याहून वाईट. फळ पूर्ण पिकायच्या आधीच लोक तोडतात, फांदीसकट तोडतात. का? आपण थांबलो तर दुसरा नेईल. हा लोभ आहे असं म्हणणं सोपं आहे. मला तो मालकी नसल्याचा परिणाम वाटतो. वर्गात एकच खोडरबर सगळ्यांसाठी ठेवा आणि दोन दिवसांत त्याचं काय होतं ते बघा.

मालकी कागदावर आहे, हातात यायची आहे

इथे थोडं कायद्याबद्दल लिहितो, कारण आपल्यातल्या पुष्कळ शिक्षकांना हे माहीत नसतं. मलाही नव्हतं. 2006 चा वनहक्क कायदा जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना दोन प्रकारचे हक्क देतो. एक वैयक्तिक, कसत असलेल्या जमिनीचा. दुसरा सामूहिक, म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाचा. या दुसऱ्यात गौण वनोपज गोळा करणं, वापरणं आणि विकणं यावर गावाची मालकी मान्य केलेली आहे. आणि गौण वनोपजात बांबू आणि तेंदूपत्ता हे दोन्ही स्पष्ट शब्दांत धरले आहेत. हे महत्त्वाचं, कारण खरा पैसा या दोन वस्तूंत आहे आणि आधी त्या दोन्हींवर गावाचा हक्क नव्हता, फक्त मजुरी होती.

आमच्या जिल्ह्यातलं धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावंही. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू वाहून न्यायचा पास देण्याचा अधिकार मात्र मिळेना. 2011 च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. एक पासबुक! त्याच्यासाठी दोन वर्षं. पण त्या पुस्तकामुळे बांबू तोडायची मजुरी घेणारं गाव बांबू विकणारं गाव झालं.

मला मेंढ्यातली दुसरी एक गोष्ट जास्त आवडते, तिची चर्चा कमी होते. तिथे अभ्यासगट चालायचे. निर्णय ग्रामसभेत घ्यायचा, पण त्याआधी बसून माहिती काढायची, कायदा वाचायचा, हिशोब करायचा. हे आपल्या कामाच्या जवळचं आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचं उदाहरण तर आणखी वेगळं. त्यांना 2012 मध्ये सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकायला सुरुवात केली. आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही, असं ग्रामसभेनं ठरवलं! कारण तेंदूला चांगली कोवळी पानं फुटावीत म्हणून झाडं छाटतात, आग लावतात. त्यात तेंदूचं झाड वाढत नाही, त्याची फळं मिळत नाहीत. बांबूवर भागतं तर तेंदू कशाला, असा त्यांचा विचार. हातचं उत्पन्न सोडायचं ठरवायला गाव आधी मालक असावं लागतं. मजुराला हा निर्णय घेता येत नाही.

बाकी गावांना तेंदू सोडणं परवडणारं नाही, हेही तितकंच खरं. मे महिन्यातले दोन-तीन आठवडे आमच्याकडे वर्षातली सगळ्यात मोठी रोख कमाई असते. तेंदूचं माप पोरांना पाठ असतं: 70 पानांचा एक पुडा, 1,000 पुड्यांची एक गोणी. म्हणजे 70,000 पानं. एक-एक पान हातानं तोडलेलं, घरी आणून सारखं करून बांधलेलं, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून दिलेलं. गेल्या दहा-बारा वर्षांत पुष्कळ ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करतात. मजुरी तर मिळतेच, वर स्वामित्वधनाची रक्कमही ग्रामसभेकडे येते. काही वर्षी भाव फार चढले, नंतरच्या वर्षी आपटले. काही ठिकाणी कंत्राटदारानं माल उचलला आणि पैसे महिनोन्‌महिने दिले नाहीत. कराराचा कागद नीट वाचलेला नव्हता, किंवा अनामत रक्कम घेतलेली नव्हती. एका ग्रामसभेनं मला करारनामा वाचून दाखवायला बोलावलं होतं, सही झाल्यानंतर. त्यात वादाचा निकाल कुठे लागेल ते दुसऱ्याच शहराचं नाव होतं. कोणी विचारलंच नव्हतं.

सात घरांचा मोह

आता आम्ही काय करून पाहिलं ते. फार मोठं नाही, आधीच सांगतो.

त्या गणिताच्या तासानंतर पोरांनी घरी जाऊन हिशोब सांगितला. दोन आया शाळेत आल्या आणि वही बघायला मागितली. पुढे बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला आणि सात घरं तयार झाली की यंदा निम्मा मोह थांबवायचा. गटाच्या जमा पैशातून त्या घरांना थोडी-थोडी रक्कम कर्जाऊ द्यायची, म्हणजे एप्रिल निघून जाईल. शेतमाल तारण योजनेत भात, तूर, सोयाबीनसाठी हेच होतं. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, भाव आला की विकायचं. राज्याच्या कृषी पणन मंडळाची ही योजना 1990 पासून आहे. आमच्या बायांनी ते आपल्या गटात, आपल्या मोहावर केलं. गोदाम म्हणून एका घराची माडी आणि लोखंडी पत्र्याचे ड्रम. पूर्वी मोह साठवायचा म्हटला तरी परवान्याची भीती असायची, कारण मोह म्हणजे दारू असं सरकारी डोक्यात बसलेलं. 2021 मध्ये राज्य सरकारनं मोहफूल गोळा करणं, साठवणं, विकणं यावरची बंधनं उठवली. तो निर्णय झाला नसता तर आम्हाला हे करायची हिंमत झाली नसती.

पहिल्या वर्षी दोन ड्रममधला मोह खराब झाला. पूर्ण वाळला नव्हता, घाईनं भरला, आत बुरशी आली. ज्या बाईचा होता ती रडली नाही, पण नंतरच्या दोन बैठकांना आली नाही. बाकीच्यांनी आपल्या विक्रीतून थोडं-थोडं काढून तिचं नुकसान भरलं. मला हे सुचलं नव्हतं, त्यांनी आपसात ठरवलं. दुसऱ्या वर्षी भरण्याआधी प्रत्येक चटईवरचा मोह दोन बायांनी मुठीत दाबून बघायचा, गोळा झाला तर परत उन्हात, असा नियम झाला. मोहाची मूठ सुटली पाहिजे. यासाठी कोणतं यंत्र लागलं नाही.

विकायची वेळ आली तेव्हा जो प्रश्न आला तो मी टाळून पुढे जाऊ शकत नाही. पावसाळ्यात मोहाला सगळ्यात जास्त भाव कोण देतो? दारू गाळणारा. आमच्या जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. ती बंदी यावी म्हणून ज्या बायांनी मोर्चे काढले त्यातल्या दोघी-तिघी याच गटात आहेत, आता म्हाताऱ्या. त्या बैठकीत मी गप्प बसलो होतो. एक म्हणाली, आपण चांगल्या भावासाठी थांबलो आणि आपलाच मोह दारू होऊन आपल्याच घरात आला तर काय कमावलं? दुसरी म्हणाली, दुकानदाराला दिला तरी तो कोणाला देतो ते आपण बघायला जातो का? दोघींचंही खरं होतं. शेवटी असं ठरलं की गावातच, घरच्या खाण्याला आणि सणाला ज्यांना लागतो त्यांना आधी द्यायचा, किलोला ठराविक भावानं, म्हणजे दुकानातून जादा भावानं घ्यावा लागणार नाही. उरलेला तालुक्याच्या ठिकाणच्या व्यापाऱ्याला. गावात गाळणाऱ्याला नाही. भाव थोडा कमी मिळाला. एप्रिलपेक्षा मात्र जवळजवळ दीडपट होता.

सरकारी आधारभूत किमतीची योजनाही आहे. केंद्रानं 2013-14 मध्ये गौण वनोपजासाठी ती सुरू केली, पुढे यादी वाढली, मोहफूलही त्यात आहे. पण गावाजवळ खरेदी केंद्र त्या आठवड्यात उघडं असेल तरच तिचा उपयोग. फलकावर भाव लिहिलेला आणि दार बंद, असं झालं की बाई पोतं घेऊन परत जात नाही, समोरच्या दुकानात देऊन येते. डोक्यावर पंचवीस किलो घेऊन चार किलोमीटर चालून बघा म्हणजे कळेल.

शाळेनं काय करायचं?

काही शिक्षक म्हणतील की हे आपलं काम नाही. आधीच कामं काय कमी आहेत? माझीही तक्रार तीच असते. मी मोह विकायला गेलो नाही आणि जाणारही नाही. मी फक्त नफा-तोटा शिकवला, तोही अभ्यासक्रमात होता म्हणून. पण उदाहरण कुठलं घ्यायचं हे तर आपल्या हातात आहे ना? टक्केवारी शिकवताना तेंदूचं स्वामित्वधन घ्या. भाषेच्या तासाला ग्रामसभेची नोटीस वाचून घ्या. परिसर अभ्यासात झाडांची यादी पुस्तकातली नको, गावातली घ्या. माझ्या चौथीच्या पोरांनी गावशिवारातले मोह मोजले. कोणतं झाड कधी फुललं, कोण वेचतं, झाडाखाली आग लागली का, असा तक्ता केला. तो तक्ता पुढे ग्रामसभेत झाडांच्या वाटणीच्या चर्चेत मागवला गेला. पोरांनी मोजलेलं बरोबर आहे का यावर दोन म्हाताऱ्यांत भांडण झालं ते वेगळं.

सकाळच्या शाळेबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. मोहाच्या गावांत मोहाच्या तीन आठवड्यांत शाळा सातला भरवू नये. साडेनऊला भरवावी. ऊन होतं हे मान्य. पण कौलारू खोलीत, पाणी शिंपडून, साडेबारापर्यंत तीन तास चांगले शिकवता येतात, आणि 19 पैकी 16-17 पोरं येतात. सात वाजताच्या शाळेत थंडावा असतो आणि 7 पोरं असतात. आम्ही शाळा व्यवस्थापन समितीत तसा ठराव केला. वर पाठवला. उत्तर आलं की जिल्ह्याचं वेळापत्रक एकसमान असतं. एकसमान कोणासाठी? तालुक्याच्या गावातल्या शाळेत मोहाचं झाड नाही.

पोरांनी मोह वेचावा असं माझं म्हणणं आहे का, असं एका सहकाऱ्यानं विचारलं. बालमजुरीला पाठिंबा देतोस का म्हणाला. नाही. आजीबरोबर दोन तास पहाटे झाडाखाली जाणं आणि दिवसभर मिरचीच्या शेतात वाकून राहणं, यात फरक आहे आणि तो ज्याला दिसत नाही त्यानं एकदा दोन्ही ठिकाणी जाऊन यावं. जाळी बांधली तर पोरांना जायचीही गरज पडणार नाही. त्या सात घरांपैकी तीन घरांनी यंदा आपल्या बांधावरच्या झाडांना जाळी बांधली. पैसा कुठून आला? श्रावणात विकलेल्या मोहाचा.

ती मुलगी आता सातवीत आहे, आश्रमशाळेत. गेल्या महिन्यात सुट्टीला आली तेव्हा शाळेत येऊन गेली. तिच्या घराची जाळी तिनंच मोजून आणायला सांगितली होती म्हणे, झाडाचा घेर दोरीनं मोजून. मी विचारलं, "मग किती मीटर लागली?" तर म्हणाली, "सर, पहिल्यांदा कमी पडली. फांद्या किती दूर जातेत थे धरलंच नोहोतं."

यंदा आमचा ठराव परत पाठवला आहे. फेब्रुवारीतच पाठवला, म्हणजे मोह पडायच्या आधी उत्तर यावं. सोबत तीन वर्षांच्या मार्च-एप्रिलच्या हजेरीचा तक्ता जोडला आहे, तारीखवार. शेऱ्याच्या रकान्यात "अज्ञान" हा शब्द नाही. "मोह" असं लिहिलं आहे.